मेणकापडाची सोयरीक

प्लास्टिके एकमेकांत मिसळत नाहीत, ही साधी गोष्ट जळगावच्या चटईवाल्यांना समजावता समजावता हर्षला नारखेडेने पन्नाशी गाठली होती.

"मॅडम, दोन्ही प्लास्टिकच ना?" मुरलीआबा बऱ्हाटे दर वेळी तोच प्रश्न नव्या उत्साहाने विचारत. "मंग वितळल्यावर एक व्हायले काय अडचण हाये?"

"आबा, तेल आणि पाणी दोन्ही पातळच. एक होतात का?"

"फोडणीत होतात."

"फोडणीत तडतडतात. चटईत तडतडून चालणार नाही."

आबा चटई कारखानदारांच्या संघाचे अध्यक्ष होते. मोर, कमळ आणि क्वचित विमान विणलेल्या त्यांच्या चटया देशभर पसरल्या जात. हर्षला त्याच औद्योगिक वसाहतीतल्या सामाईक प्रयोगशाळेची प्रमुख होती. चटई जिने विणतात ती प्लास्टिकची नळी किती ओढल्यावर तुटते, उन्हात किती टिकते, तिचा रंग किती उडतो, हे ती मोजून सांगे; जे मोजता येत नाही त्याबद्दल शक्यतो बोलत नसे. तिच्या टेबलावर पाटी नव्हती, पण असती तर 'पुरावा?' एवढा एकच शब्द तिला पुरला असता. लग्न तिने केले नव्हते. कारण विचारणाऱ्यांना ती सांगे, की नमुने कमी आले आणि जे आले ते चाचणीत टिकले नाहीत.

आबांच्या प्रश्नाला त्या वर्षी अचानक धार आली, ती नव्या कायद्यामुळे. कायद्याचे सरकारी नाव बरेच लांब होते. वसाहतीत त्याला 'ज्याचं त्यानं जिरवा' म्हणत. शहरात निघालेले जुने प्लास्टिक शहराबाहेर पाठवायचे नाही आणि कारखान्यांनी प्लास्टिकचा नवा दाणा विकत न घेता तेच वापरायचे, असा त्याचा सारांश. चटईला लागते पॉलिप्रॉपिलीन, तेही निर्भेळ. शहराच्या कचऱ्यात निर्भेळ असे काहीच नसते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोड निघाली नाही, तर वसाहतीतले निम्मे माग थांबणार होते.

'प्लास्टिक' हा शब्द व्यवहारात एकवचनी असला तरी रसायनशास्त्रात तो 'भाजी' या शब्दाइतकाच ढोबळ आहे. दुधाची पिशवी आणि अंघोळीची बादली पॉलिइथिलीनची. चटई, डब्याचे झाकण, लग्नात मांडतात त्या खुर्च्या आणि ज्या दोरीला सगळा महाराष्ट्र 'नायलॉनची दोरी' म्हणतो ती दोरी, हे सारे पॉलिप्रॉपिलीन. खरा नायलॉन राहतो दात घासायच्या ब्रशच्या केसांत आणि मासेमाऱ्यांच्या जाळ्यात. पाण्याची बाटली आणि न चुरगळणारा सदरा ही एकाच पॉलिएस्टरची दोन रूपे. गणपतीमागचे थर्माकोलचे मखर म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. पाइप, रेक्झिन आणि वायरीवरचे वेष्टण म्हणजे पीव्हीसी. ही सगळी तापवली की वितळतात आणि थंड झाली की पुन्हा घट्ट होतात. कुकरच्या दांड्याचे बेकेलाइट मात्र वेगळ्या स्वभावाचे. त्याच्या साखळ्या एकदा आडव्याउभ्या जोडल्या गेल्या की पुन्हा सुटत नाहीत. तापवले तर ते करपते, वितळत नाही.

ही मंडळी एकमेकांत का मिसळत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या लांबीत आहे. साखर पाण्यात विरघळते याचे एक मोठे कारण असे, की सुट्या रेणूंना पसरायला मोकळीक मिळते आणि निसर्गाचा कल मोकळिकीकडे असतो. पॉलिमरचा रेणू सुटा नसतो. हजारो कड्यांची ती साखळी असते आणि एका कडीला सरकायचे तर शेजारच्या कड्यांची संमती लागते. मिसळण्यातून मिळणारी मोकळीक अशी नगण्य झाली, की किरकोळ नावडही वेगळे राहायला पुरते. म्हणून मिश्र कचऱ्यातून ओतलेली नळी वरून एकसंध दिसते, पण वाकवली की दोन मतांच्या सीमेवर कडकन मोडते.

यावर उपाय घेऊन आली डॉ. मिहिका गुर्जर. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली ही तिशीतली मुलगी बोलताना हातांनी हवेत साखळ्या गुंफत असे. तिने एक नवा रेणू बनवला होता. त्याचा एक तुकडा पॉलिइथिलीनसारखा, पुढचा पॉलिप्रॉपिलीनसारखा, त्यापुढचा पॉलिस्टायरीनसारखा. शेवटाला पॉलिएस्टरला आणि नायलॉनला पकडणारा एक आकडा.

"हा रेणू दोन थरांच्या सीमेवर जाऊन बसतो," संघाच्या बैठकीत ती सांगत होती, "आणि प्रत्येक तुकडा आपापल्या जातभाईंत गुंतवून टाकतो. टाके घातल्यासारखं. शंभर भागांत एखादा भाग घातला तरी पुरे."

"म्हणजे मध्यस्थ!" आबांचा चेहरा उजळला. "लग्न जमवणारा. इकडच्याले इकडचं बोलतो, तिकडच्याले तिकडचं."

"साधारण तसंच."

"मंग तुमचा तो आकड्याअक्षरांचा नंबर ऱ्हाऊ द्या. याचं नाव सोयरीक."

हर्षलाने हरकत घेतली. रेणूंना माणसांचे गुण चिकटवले की माणसे मोजमाप सोडून देतात, असे तिचे म्हणणे होते. ते इतिवृत्तात लिहिले गेले आणि नाव सोयरीकच पडले.

"एक अट आहे," मिहिका म्हणाली. "पीव्हीसी अजिबात आलेलं चालणार नाही. चटईची नळी सव्वादोनशे अंशांवर ओततात. त्या उष्णतेत पीव्हीसी फुटतं आणि त्यातला क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या धुराच्या रूपात बाहेर पडतो. साचे खाऊन टाकतो तो."

सगळ्यांच्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. तिथे भूषण वराडे बसला होता. वसाहतीत पीव्हीसीचे पाइप बनवणारा तो एकटाच.

"मी काय केलं?" भूषण म्हणाला. "मी तर अजून चहाही घेतला नाही."

तो हसला की त्याचे डोळे मिटत. पत्नीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगी नागपूरला नांदत होती. हर्षला आणि तो कॉलेजात एका वर्गात होते. चारचौघांत तो तिला 'मॅडम' म्हणे, ती त्याला 'वराडे' म्हणे. चारचौघे पांगले की दोघेही 'तू'वर येत. दर हिवाळ्यात आबांच्या मळ्यावर संघाची भरीत पार्टी होई. तिथे वांगी भाजत असताना तो तिला दर वर्षी लग्नाचे विचारी आणि ती दर वर्षी "पुरावा अपुरा आहे" असे उत्तर देई. मग दोघे एका पंगतीत बसून भरीत खात. या पद्धतीत दोघांनाही काही गैर वाटत नव्हते.

"माझा प्रश्न सरळ आहे," भूषण उठून म्हणाला. "पीव्हीसी येणार नाही याची हमी कोण देणार? कचरा आहे तो. त्यात काय येईल याचा नेम नाही."

"पारखी देईल," मिहिका म्हणाली. पारखी म्हणजे तिने सोबत आणलेले निवडणीचे यंत्र. "तो प्रत्येक वस्तूवर अवरक्त प्रकाश टाकतो. प्रत्येक प्लास्टिक त्यातला वेगवेगळा भाग शोषतं, त्यावरून जात कळते."

"काळ्या वस्तूंचं काय?" हर्षलाने विचारले. "काळ्या रंगातली काजळी सगळाच प्रकाश गिळते. परत काही येत नाही."

"बरोबर. म्हणून काळी वस्तू आली की पारखी थांबतो आणि माणसाला विचारतो. भाषा त्याला उत्तम येते."

"तेच तर," भूषण म्हणाला. "शेवटी माणसावरच आलं ना? मला हे पटत नाही."

"भूषणभो," आबा खुर्चीत रेलून म्हणाले, "तुझ्या पाइपाले कुठं सोयरीक जुळून नाही राहिली, त्याचा राग दुसऱ्याच्या मांडवात काहून काढतो?"

बैठक हसली. भूषणही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. "आबा, पाइप एकटाच बरा असतो. जमिनीत पन्नास वर्षं पडून राहतो, कुणाला त्रास नाही." हे वाक्य त्याने हर्षलाकडे पाहून का म्हटले, ते तिने मोजायचे टाळले.

ठरले असे, की आबांच्या कारखान्यात एक पूर्ण चाचणी घ्यायची. हर्षलाने प्रमाणपत्र दिले तर सगळी वसाहत सोयरीक वापरणार. नाही दिले तर मिहिका आपले यंत्र घेऊन परत जाणार.

चाचणीच्या सकाळी कारखान्यात हळदीच्या कार्यक्रमाइतकी गर्दी होती. सरकत्या पट्ट्यावरून शहर वाहत होते: शाम्पूच्या बाटल्या, तुटके चमचे, खेळण्यातला एक हत्ती, दह्याची मडकी म्हणून विकली जाणारी प्लास्टिकची मडकी. पारखीचे हात पाखरांसारखे खाली येत आणि वस्तू उचलून आपापल्या ढिगात टाकत. मूळचा त्याचा आवाज पुणेरी होता. आबांनी हट्टाने तो बदलून घेतला होता.

"ताई, हे काय हाये?" काळी वस्तू आली की पारखी विचारी.

पट्ट्याच्या टोकाशी हर्षला उभी होती. "खुर्चीचा पाय." "समजलं, ताई." "कुंडी." "समजलं, ताई." एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयातून जेवणाच्या टेबलांवरची काळी आच्छादने आली होती, गठ्ठ्याने. "हे काय हाये?" "मेणकापड," ती म्हणाली, आणि तेवढ्यात मिहिकाने तापमान पाहायला हाक मारली म्हणून वळली. मागून "समजलं, ताई" ऐकू आले. भूषण जवळच, ढिगापाशी, खिशात हात घालून सगळे पाहत होता.

पहिल्या नळ्या बाहेर आल्या त्या अप्रतिम होत्या. आबांनी एक उचलली, वाकवली, पिळली, शेवटी तिला चक्क गाठ मारली. नळी मोडली नाही. कुणीतरी टाळी वाजवली. आबांनी ती गाठ मिहिकाच्या हातात नवरीच्या चुड्यासारखी ठेवली. हर्षलाने नळ्या मोजयंत्रात ओढून पाहिल्या आणि आकडा वाचून स्वतःलाही नकळत पुन्हा वाचला. नव्या दाण्याच्या नळीच्या जवळ जाणारा आकडा होता तो. प्रमाणपत्रावर सही करायला तिने पेनाचे टोपण काढले.

तेव्हा वास आला. प्रथम नाकात टोचणारा, मग घशात. ओतण्याच्या यंत्राच्या तोंडातून पांढुरका धूर निघाला आणि नळ्यांवर तपकिरी ओरखडे उमटू लागले.

"बंद करा! बाहेर व्हा सगळे!" हर्षला ओरडली. लोक खोकत अंगणात धावले. कुणाला इजा झाली नाही, पण यंत्र उघडल्यावर आबांचा लाडका साचा आतून गंजल्यासारखा ताम्रवर्णी दिसला. आबांनी त्यावरून हात फिरवला.

संशय अनेकांच्या ओठांवर होता. पण हर्षलाच्या समोर कुणी पुराव्याविना बोलत नसे. तिने तांब्याची तार मागवली, गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली, बिघडलेल्या नळीला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली.

ज्योत हिरवी झाली. दिवाळीतल्या भुईनळ्याच्या हिरव्यासारखी, सुंदर आणि निःसंदिग्ध.

"म्हणजे?" आबांनी विचारले.

"क्लोरीन. पीव्हीसी आलंय यात."

आता कुणाला थांबायची गरज उरली नाही. वसाहतीत पीव्हीसी कुणाकडे आहे? चाचणीला विरोध कुणाचा होता? ढिगापाशी कोण उभे होते, तेही खिशात हात घालून? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते. भूषण मात्र तिथे नव्हता. धूर निवला तसा तो आपल्या कारखान्यात निघून गेला होता.

हर्षला त्याच्या मागे गेली. पाइप कापायचे यंत्र चालू होते; त्याने ते बंद केले.

"भूषण, तू काही टाकलंस का?"

त्याचे डोळे मिटले नाहीत. "तू विचारतेस?"

"क्लोरीन सापडलाय. तू तिथे उभा होतास. तुझा विरोध होता."

"हो. तिन्ही खरं." त्याने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. "आणि पुरावा?"

तिच्याच शब्दाने तिला असे कुणी अडवले नव्हते. ती परत फिरली. दाराशी तिला ऐकू आले, "या वर्षी भरताला येणार नाही म्हणून आबांना सांग." यंत्र पुन्हा सुरू झाले.

प्रयोगशाळेत बसल्यावर तिला सर्वांत जास्त राग आला तो स्वतःच्या पद्धतीचा. हिरवी ज्योत क्लोरीन आहे एवढेच सांगते. तो कुठून आला हे सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही उडी मारली असती, तर तिने त्याचे गुण कापले असते. पीव्हीसीही एक नसते. पाइपाचे पीव्हीसी कडक असते. त्यात स्वस्ताई आणि टणकपणा यांसाठी खडूची भुकटी घालतात. मऊ पीव्हीसी, म्हणजे रेनकोट आणि रेक्झिन, मुळात तितकेच कडक. त्याला मऊ करतात त्यात मुरवलेले तेल. नव्या रेनकोटाचा जो वास येतो तो त्या तेलाचा. म्हणजे प्रश्न साधा होता: यात खडू आहे की तेल?

बिघडलेल्या नळीचे बारीक तुकडे करून तिने ते द्रावकात भिजत टाकले. दुसऱ्या दिवशी द्रावक गाळून घड्याळाच्या काचेसारख्या उथळ बशीत उडून जाऊ दिले. बशीत उरला एक चकचकीत, ओशट थेंब. मग दुसरा तुकडा जाळून राख पाहिली. खडू नावालाच होता.

तेल होते. पाइप नव्हता.

ती तडक आबांच्या कारखान्यात गेली. बंद पट्ट्याशेजारी पारखी उभा होता.

"काल तू काळं, मऊ, कापडासारखं काही घेतलंस का?"

"घेतलं, ताई. मेणकापड. बराच गठ्ठा व्हता."

"कुठल्या ढिगात टाकलंस?"

"पॉलिइथिलीनच्या."

"का?"

"तुमीच सांगितलं, ताई. मेणकापड. मेण म्हंजे हायड्रोकार्बनची आखूड साखळी. तीच साखळी लांबवली की पॉलिइथिलीन. मेणाचं कापड त्याच घरातलं."

हर्षला पट्ट्याच्या कडेला टेकली. पारखीच्या रसायनशास्त्रात एक अक्षरही चुकलेले नव्हते. मेण आणि पॉलिइथिलीन खरोखरच एका घरातले. आणि तिच्या मराठीतही काही चुकले नव्हते. कधीकाळी कापडाला मेण चोपडून ते पाणी न झिरपणारे करत, नाव तेव्हाचे. पुढे मेण गेले, पीव्हीसी आले. नाव कुणी बदलले नाही. बदलावे असे कुणाला वाटलेही नाही, कारण मराठी माणसाला मेणकापडात मेण ऐकूच येत नाही. यंत्राला आले. दोघांनीही खरेच सांगितले होते आणि मधल्या मध्ये साचा गेला होता.

तिला मोठ्याने हसू आले. मग आता कुणाकडे जायचे आहे ते आठवून तिने हसू आवरले.

मात्र भूषणकडे ती एकटी गेली नाही. संशय चारचौघांत घेतला गेला होता, तर तो फिटायलाही चारचौघांत हवा, असा तिचा हिशोब होता. तिने संघाची बैठक बोलावली, भूषणला निरोप धाडला, आणि तो शेवटच्या रांगेत येऊन बसल्यावर ओशट थेंबाची बशी सगळ्यांच्या हाती फिरवली.

"पाइपात खडू असतो. यात तेल आहे. हे मंगल कार्यालयातलं मेणकापड आहे आणि पारखीला त्याचं नाव मी सांगितलं. वराड्यांचा काही संबंध नाही. मी पुराव्याविना त्यांच्यावर संशय घेतला. हे प्रयोगशाळेच्या पद्धतीत बसत नाही आणि..." ती अडखळली. "माझ्याही बसत नाही."

फिरत फिरत बशी आबांकडे आली होती. त्यांनी ती खाली ठेवली. "म्हणजे मॅडम, ज्या टेबलावर आपण लोकायच्या लग्नाचे लाडू खाल्ले, त्याच टेबलाच्या फडक्यानं आपली सोयरीक मोडली?"

"तसं म्हणता येईल."

"मंग दोष कोणाचा धरायचा?"

"नावाचा, आबा. यापुढे पारखी नाव विचारणार नाही. गुण विचारेल. पाण्यात तरंगतं का, तापवलं की वितळतं का, तांब्याच्या तारेवर ज्योत हिरवी होते का. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसी बुडतं आणि हिरवं जळतं. नावावर विश्वास ठेवायचा नाही."

"आणि जे हिरवं निघेल ते?" मिहिकाने विचारले.

"ते माझ्याकडे पाठवा," मागून भूषण म्हणाला. सगळे वळले. "माझी यंत्रं कमी तापमानावर चालतात. पीव्हीसीला पीव्हीसीत मिसळायला मध्यस्थ लागत नाही. कडक ते पाइपात जाईल, मऊ ते पायपुसण्यांत. कायदा मलाही लागू आहे, आबा. मलाही जिरवायचंच आहे."

आबा उठून त्याच्याजवळ गेले. "भूषणभो, आमी तुझ्यावर संशय घेतला तो मनात ठेवून नको राहू. साचा गेला त्याचा राग व्हता."

"आबा, तुमच्या मांडवात माझा राग काढला नाही, एवढं लक्षात ठेवा."

दुसरी चाचणी नव्या साच्यावर झाली. हर्षलाने नळ्या पुन्हा पुन्हा ओढल्या, तापवल्या, कृत्रिम उन्हाच्या दिव्याखाली ठेवल्या, आणि मगच सही केली. आबांनी सोयरीकच्या पहिल्या चटईवर मोराऐवजी नारळ आणि सुपारी विणायला सांगितली. ती नक्षी त्यांच्या मते अतिशय गाजणार होती. हर्षलाच्या मते याला पुरावा नव्हता.

भरीत पार्टीला भूषण आला. मळ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, जाळ पेटला होता आणि त्यात हिरवी, लांबट वांगी काळी पडत होती. दुसरीकडे लाकडी बडगीत मिरच्या-लसूण ठेचण्याचा आवाज चालला होता. खरकट्याच्या कोपऱ्यात मिहिकाने एक लहान पारखी ठेवला होता. पंगतीतले वाट्या-पेले तो निवडणार होता. आबा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या मोजत फिरत होते आणि कुणालाही खरी संख्या सांगत नव्हते.

हर्षला जाळाजवळ बसली होती. भूषण येऊन शेजारी बसला. दर वर्षी तो बसताच विचारी. या वर्षी तो वांग्यांकडे पाहत गप्प राहिला. वांग्याची साल तडकली. हर्षलाने काडीने ते उलटवले.

"या वर्षी काही विचारायचं नाही का?" तिने शेवटी स्वतःच म्हटले आणि स्वतःच्या आवाजातली अधीरता ऐकून ती चपापली.

"नाही," भूषण म्हणाला. "विचारून काय होतं? शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असं भरसभेत ठरलंय." त्याने खिशातून मूठ काढली. "या वर्षी नमुना आणलाय. तूच तपास."

तळहातावर एक काळी, गुळगुळीत अंगठी होती.

"कशाची आहे?"

"नाव सांगणार नाही."

हर्षलाने ती उचलली. जाळाच्या उजेडात तिच्यावर तांबूस झाक आली. चेहरा शक्य तितका कोरा ठेवून ती उठली आणि कोपऱ्यातल्या पारखीसमोर जाऊन अंगठी धरली. भूषण मागोमाग आला.

"काळं हाये, ताई. मले दिसून नाही राहिलं," पारखी म्हणाला. "पाण्यात तरंगतं का?"

तिने पेल्यात अंगठी टाकली. अंगठी बुडाली. "नाही."

"तांब्याच्या तारेवर ज्योत हिरवी होते का?"

हर्षलाने भूषणकडे पाहिले.

"माझ्या धंद्यातला माल नाही आणला," तो म्हणाला. "कुकरचा दांडा आहे. मागच्या वर्षी तूच प्रयोगशाळेतून टाकून दिलेला. लेथवर कातला. चार अंगठ्या फुटल्या, पाचवी जमली."

"ज्योत हिरवी होत नाही," ती पारखीला म्हणाली. कुकरच्या दांड्याची ज्योत तिने पूर्वीच तपासलेली होती.

"तापवलं की वितळतं का?"

इथे ती थांबली. जाळ तडतडत होता. मागे कुणीतरी आबांना भाकऱ्यांची संख्या विचारत होते.

"नाही," हर्षला म्हणाली. "एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही."

"मंग हे माह्या कामाचं नाही, ताई. घरी घेऊन जा."

भूषणचे डोळे मिटले. हर्षलाने अंगठी पाण्यातून काढली, ओढणीला पुसली आणि बोटात घालून पाहिली. तिने हात वाकवला, सरळ केला, अंगठी फिरवून पाहिली.

"सैल आहे," ती म्हणाली.

"दुसरी कातून देतो."

"नको. ही राहू दे. आतून दोरा गुंडाळते."

"मॅडम! भूषणभो!" आबांची हाक आली. "भरीत निवून राहिलं!"

दोघे पंगतीकडे निघाले. अर्ध्या वाटेवर भूषण थांबला. "माझ्याकडे आहे नायलॉनचा दोरा. देऊ?"

"खरा नायलॉन?" हर्षलाने विचारले. "की लोक म्हणतात तो?"